बॉनेटखालचे पडिलेहण

सदर : गृहस्थ आणि यंत्र

दापोडीत, जुन्या मुंबई-पुणे मार्गालगत, महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. राज्यात महामंडळाच्या अशा तीन कार्यशाळा. दुसरी छत्रपती संभाजीनगरजवळ चिकलठाण्याला आणि तिसरी नागपूरजवळ हिंगण्याला. कंपनीकडून आलेल्या उघड्या चॅसीवर येथे सांगाडा उभा राहतो, पत्रा चढतो, आसने बसतात आणि एस.टी. रस्त्यावर येते. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एस.टी. धावली, तेव्हा तिची बॉडी लाकडी होती. पुढे लाकूड गेले, धातू आला, आसने बदलली. परंतु एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या प्रवाशांच्या ओळखीची राहिली. चालकाच्या डाव्या हाताला, थेट केबिनमध्ये, इंजिनावरचे ते उंच झाकण.

खेड्यापाड्यांत एस.टी. भरली की याच झाकणावर बसून लोकांनी प्रवास केला आहे. त्याला सर्वजण ‘बॉनेट’च म्हणत. खाली तापलेले इंजिन, वर माणूस आणि मध्ये पत्रा व अस्तर. ते अस्तर फाटलेले असेल तर चालकाचा डावा पाय उन्हाळ्यात भाजून निघे आणि आवाजाने त्याचे डोके दुखे. अस्तर धड असेल तर त्याच चालकाची सहा तासांची पाळी सुसह्य होई. इंजिन मात्र दोन्ही बसचे सारखेच तापलेले असे. अस्तराने इंजिन थंड झाले नाही आणि अधिक गरमही झाले नाही. त्याने केवळ उष्णता आणि माणूस यांच्यामध्ये एक मर्यादा आखून दिली.

हा साधा भेद घरच्या मोटारीच्या बाबतीत मात्र वारंवार विसरला जातो. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात मोटारी बनतात, त्यांचे सुटे भाग बनतात, त्यांची दुरुस्ती होते. येथील व्यापारी कुटुंबांत प्रत्येक घरी किमान एक गाडी असते. तरीही बॉनेट उघडल्यावर आतल्या बाजूस चिकटवलेली काळी गादी कशासाठी असते, असे विचारले तर घरात तीन उत्तरे मिळतात. कोणी म्हणतो, ती इंजिन तापवते, उन्हाळ्यात काढून ठेवावी. कोणी म्हणतो, स्वस्त मॉडेलला कंपनीने ती दिली नाही, म्हणून बाजारातून आणून लावावी. कोणी म्हणतो, उंदरांनी तिचे घरटे केले, आता ती फेकूनच द्यावी. तिन्ही उत्तरांत थोडे तथ्य आहे आणि तिन्हींत थोडा धोकाही आहे. हा धोका केवळ गाडीच्या किमतीचा नाही. गाडीत घरची माणसे बसलेली असतात आणि बॉनेटखाली कधी कधी मुके जीवही असतात.

उष्णतेची खतावणी

व्यापाऱ्याने प्रत्येक गोष्ट जमाखर्चात मांडून पाहावी. शंभर रुपयांचे पेट्रोल जळले, तर ढोबळमानाने त्यातील तिसरा हिस्साच गाडी पुढे नेण्याच्या कामी येतो, आणि अनेकदा तोही पुरता येत नाही. दुसरा तेवढाच हिस्सा तप्त वायूंच्या रूपाने सायलेन्सरमधून बाहेर जातो. उरलेला हिस्सा इंजिनाच्या धातूत शिरतो आणि तेथून कूलंट, ऑइल व वारा यांच्यामार्फत हवेत जातो. सिलिंडरमध्ये ठिणगी पडते त्या क्षणी आतील वायूचे तापमान २००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. वायू बाहेर पडण्याचा पहिला नळ, ज्याला मेकॅनिक ‘मॅनिफोल्ड’ म्हणतात, तो चढावर कित्येक शे अंशांपर्यंत तापतो. आणि यापासून हातभर अंतरावर रबरी नळ्या, प्लॅस्टिकची टाकी, बॅटरी व तारांच्या जुड्या असतात.

ही सारी उष्णता आवरणारा कारभारी एकच आहे : कूलंटच्या वाटेवर बसवलेली थर्मोस्टॅट नावाची छोटी झडप. इंजिन थंड असते तेव्हा ती मिटलेली राहते आणि कूलंट इंजिनातल्या इंजिनात फिरते. तापमान साधारण ८२ ते ८८ अंशांवर पोहोचले की बहुतेक गाड्यांत ती उघडू लागते आणि कूलंटला रेडिएटरची वाट मोकळी करते. रेडिएटरवर वारा पुरेसा नसेल, जसे सिग्नलवर किंवा कोंडीत, तर विजेचा पंखा आपोआप चालू होतो. यामुळे चैत्रातली दुपार असो वा पौषातली पहाट, सुस्थितीतील इंजिन आपले तापमान ९० ते १०० अंशांच्या आसपास राखते.

येथे कोणाच्याही मनात शंका येईल की पाणी तर शंभर अंशांना उकळते. दापोडी समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर असल्याने येथे ते सुमारे ९८ अंशांनाच उकळते. मग कूलंट का उकळत नाही? त्याचे श्रेय रेडिएटरच्या किंवा कूलंटच्या टाकीच्या झाकणातील स्प्रिंगला आहे. ते झाकण आत दाब टिकवून धरते, आणि दाबाखाली पाण्याचा उत्कलनबिंदू १२० अंशांच्या घरात जातो. स्वयंपाकघरातील प्रेशर कुकरचाच हा न्याय. कुकरचे झाकण वाफ असताना कोणी उघडत नाही. गाडीचे झाकणही गरम असताना उघडू नये, याचे कारण हेच. दाब सुटताक्षणी आतले पाणी वाफ होऊन उसळते आणि तोंड व हात भाजतात.

मग त्या गादीचे काम काय?

इंजिनाचे तापमान थर्मोस्टॅट, रेडिएटर आणि पंखा ठरवतात, हे एकदा उमगले की बॉनेटच्या गादीकडे योग्य दृष्टीने पाहता येते. बोटभर जाडीची ही गादी बहुधा राळेने घट्ट केलेल्या काचतंतूंची, दाबलेल्या सुती चिंध्यांच्या तंतूंची किंवा फोमची असते. वरून न विणलेले कापड किंवा ॲल्युमिनियमचा पातळ पापुद्रा असतो. तिची कामे दोन. पहिले आणि मुख्य काम आवाज शोषण्याचे. दुसरे, वर चढणाऱ्या उष्णतेपासून बॉनेटच्या पत्र्याचा रंग वाचवण्याचे. ती असल्याने बॉनेटखालची हवा किंचित गरम राहत असेल, तरी तेवढा फरक थर्मोस्टॅट आणि पंखा सहज सांभाळून घेतात.

डिझेल गाड्यांत ही गादी अधिक दिसते, कारण डिझेल इंजिनाचा खडखडाट मोठा. १९९८ मध्ये पिंपरीच्या कारखान्यातून टाटा इंडिका आली आणि तिच्या १४०५ सीसी डिझेल इंजिनाने या पट्ट्यातील मध्यमवर्गीय कुटुंबाला प्रथमच डिझेलची घरगुती मोटार परवडू लागली. दुकानाचा मालही न्यावा आणि रविवारी मंदिरातही जावे, असा तो काळ. तेव्हापासून बॉनेटखालचा आवाज हा घरातल्या चर्चेचा विषय झाला. याउलट अनेक लहान पेट्रोल गाड्यांना ही गादी मुळातच नसते. त्यांचे इंजिन शांत असते आणि बॉनेट त्या गादीविनाच पुरेसे सुरक्षित ठरेल अशी रचना असते. गादी नाही म्हणजे कंपनीने फसवले असा अर्थ होत नाही. आणि आहे ती काढली म्हणून इंजिन थंड होईल असेही नाही. काढल्याने आवाज वाढतो आणि काही वर्षांत बॉनेटचा रंग निस्तेज होतो, एवढेच.

खरे उष्णतारोधन दुसरीकडे आहे. मॅनिफोल्डवर आणि सायलेन्सरच्या नळावर चकचकीत पत्र्याची जी ढाल असते, ती बॉनेटच्या गादीपेक्षा कितीतरी महत्त्वाची. ती सैल झाली की खडखडू लागते. मग आवाज थांबावा म्हणून ती कापून टाकण्याची रीत अनेक ठिकाणी दिसते. पाच मिनिटांचे काम, खर्च शून्य. पण त्या ढालीमागेच रबरी नळ्या आणि तारा असतात. रबर व प्लॅस्टिकचे वय तापमानाबरोबर झपाट्याने घटते. दहा अंश वाढले की झीज साधारण दुप्पट होते, असा ढोबळ नियम आहे. म्हणून ढाल खडखडली तर ती घट्ट करून घ्यावी किंवा बदलावी. काढून टाकू नये.

दोन टोके

साडेतीन-चार दशकांपूर्वी मुंबईहून पुण्याकडे येताना खंडाळ्याच्या घाटात एक दृश्य हमखास दिसे. ॲम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी गाड्या कडेला उभ्या, बॉनेट उघडे, वाफेचे लोट, आणि डब्यातून पाणी ओतणारे गृहस्थ. त्या अनुभवातून एक समजूत रूढ झाली की इंजिन जितके थंड तितके बरे. त्या समजुतीपोटी कित्येक मेकॅनिक थर्मोस्टॅटच काढून टाकत. ‘आपल्या हवेत त्याची गरज काय?’ हे वाक्य आजही ऐकू येते.

परिणाम उलटा होतो. झडपच नसल्याने कूलंट पहिल्या क्षणापासून रेडिएटरमधून फिरते आणि इंजिन आपल्या योग्य तापमानाला उशिरा पोहोचते. सपाट मोकळ्या रस्त्यावर तर पोहोचतच नाही. आजच्या गाडीतील संगणक ‘इंजिन अजून थंड आहे’ असे समजून जास्त पेट्रोल सोडत राहतो. ज्वलनातून निर्माण झालेली वाफ थंड ऑइलमध्ये विरघळून चिखलासारखा थर जमतो. पेट्रोलचा खर्च वाढतो आणि इंजिनाचे आयुष्य घटते. थंडपणाचाही अतिरेक होतो, हे येथे ध्यानात घ्यावे.

दुसरे टोक परदेशातून आलेले. युरोपात इंजिनाभोवती उष्णतारोधक कवच घालून ते थांबल्यावरही बराच वेळ उबदार ठेवण्याची पद्धत आहे. २०१३ मध्ये युरोपीय आयोगाने डाइम्लर कंपनीच्या अशाच कवचाला इंधनबचत करणारी नवी रचना म्हणून मान्यता दिली. याच कंपनीच्या मर्सिडीज गाड्या आपल्या चाकणला तयार होतात. टोयोटाने अमेरिकेत विकलेल्या दुसऱ्या पिढीच्या प्रियस गाडीत तर गरम कूलंट थर्मासमध्ये साठवून ठेवण्याची सोय केली होती, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन लवकर गरम व्हावे. या कल्पना त्या हवामानात शहाणपणाच्याच आहेत. युरोपातील चाचणीचे नियम तेथील सरासरी तापमान १४ अंश धरतात. पुण्याकडे एवढा गारवा हिवाळ्यातील पहाटेपुरता असतो. दुपारी ऊन असतेच. त्या देशांतील छायाचित्रे पाहून येथे कोणी बॉनेटखाली जाड फोम कोंबला किंवा रेडिएटरपुढे पुठ्ठा लावला, तर मे महिन्यातल्या कोंडीत तेच अंगाशी येईल. कंपनीने आखलेले कवच आणि दुकानातून आणून चिकटवलेला फोम यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्यात वाऱ्याची वाट, पंख्याची ताकद आणि आगीची शक्यता यांचा आधीच हिशेब झालेला असतो. दुसऱ्यात तो कोणीच केलेला नसतो.

दुकान, स्थानक आणि घर

दापोडीत राहणाऱ्या एखाद्या व्यापाऱ्याच्या गाडीचा चातुर्मासातला दिवस पाहू. सकाळी प्रवचनासाठी स्थानकापर्यंत दोन किलोमीटर. तासाभराने घरी. मग दुकानात, तीन किलोमीटर. दुपारी जेवायला घरी, पुन्हा दुकानात. चौविहार असल्याने सूर्यास्तापूर्वी परत घरी. दिवसाकाठी सुमारे सोळा किलोमीटर. पण एकाही फेरीत इंजिन पुरते गरम होऊन स्थिर चाललेले नाही. ते दर वेळी अर्धवट तापते आणि थांबते.

अशा वापरात इंजिनातील ऑइल लवकर बिघडते. म्हणून ‘किलोमीटर झाले नाहीत, सर्व्हिसिंग नको’ हा हिशेब येथे लागू पडत नाही. किलोमीटर आणि महिने यांतील जे आधी पुरे होईल, त्या वेळी ऑइल बदलावे. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांनुसार डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी गाळणी असते. साठलेली काजळी जाळण्यासाठी ती अधूनमधून स्वतःला सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवते. हे काम सलग मोकळ्या रस्त्यावर पुरे होते. गल्लीतल्या फेऱ्यांत ते अर्धवट राहते आणि गाळणी तुंबते. अशा गाडीला आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास सलग मोकळा रस्ता मिळावा. आणि ती थांबवताना खाली वाळलेले गवत, पेंढा किंवा पॅकिंगचा कागद नाही ना, हे पाहावे. गोदामासमोर गाडी लावणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

गाडी बंद केल्यावर उष्णता लगेच जात नाही. पंप थांबतो, वारा थांबतो आणि मॅनिफोल्डमध्ये साठलेली उष्णता बाहेर पसरू लागते. त्यामुळे पहिली काही मिनिटे बॉनेटखालचे तापमान उलट वाढते. काही गाड्यांचा पंखा किल्ली काढल्यावरही फिरत राहतो किंवा अचानक सुरू होतो. म्हणून नुकत्याच थांबवलेल्या गाडीचे बॉनेट उघडताना ओढणी, उपरणे, पदर आणि बोटे पंख्यापासून दूर ठेवावीत.

हिवाळ्यात गाडी उभ्या जागी दहा मिनिटे चालू ठेवून ‘गरम’ करण्याची सवयही आता निरर्थक आहे. अर्ध्या मिनिटाने निघून पहिले दोन किलोमीटर हळू चालवणे पुरेसे असते. जैन दर्शनात षट्कायांमध्ये तेउकायाची गणना आहे. अग्नीलाही जीवरूप मानणाऱ्या गृहस्थाने अकारण अग्नी पेटता ठेवू नये. सिग्नल लांबला किंवा स्थानकाबाहेर कोणाची वाट पाहायची असली, तर इंजिन बंद करावे. धर्म आणि काटकसर यांचे एवढे सोपे एकमत क्वचितच आढळते.

आग कोठून येते

बॉनेटची गादी स्वच्छ असेल तर ती सहसा धोक्याची नसते. धोका असतो तो ऑइल प्यायलेल्या गादीचा. ऑइलचे झाकण नीट न लागल्याने किंवा गळतीमुळे गादीवर काळे, ओले डाग पडतात. दिव्याच्या वातीसारखी ती तेल धरून ठेवते. बसगाड्यांसाठीच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या १०७ क्रमांकाच्या नियमात इंजिनाच्या कप्प्याबद्दल हीच सावधगिरी आहे. तेथे पेटणारे किंवा इंधन-तेल शोषणारे ध्वनिरोधक साहित्य वापरायचे नाही. वापरायचे असल्यास त्यावर तेल न झिरपणारे आवरण असले पाहिजे. घरच्या मोटारीलाही हाच निकष लावावा. गादी तेलकट झाली तर ती पुसून चालणार नाही. ती बदलावी आणि आधी गळती बंद करावी.

बाजारातून आणलेला घरगुती फोम, थर्माकोल, गोधडीचा तुकडा बॉनेटखाली कधीही लावू नये. चिकटवलेला पापुद्रा सुटून बॅटरीच्या टोकांना लागला, तर क्षणात ठिणगी पडते. गादीच्या चिमट्या तुटल्या असतील आणि ती लोंबत असेल, तर ती पट्ट्यात किंवा मॅनिफोल्डवर पडू शकते. अशा चिमट्या चार-आठ आण्यांच्या मोलाच्या वाटल्या तरी त्या लगेच बसवून घ्याव्यात. सर्व्हिसिंगनंतर मेकॅनिकचे फडके आत विसरले गेले नाही ना, हे पाहण्यास एक मिनिट लागते.

इतके करूनही प्रवासात बॉनेटच्या फटीतून धूर दिसला, तर क्रम लक्षात ठेवावा. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद. सर्व माणसे बाहेर, मुले आधी. गाडीपासून लांब उभे राहून ११२ किंवा १०१ वर फोन. ज्वाळा असतील तर बॉनेट पूर्ण उघडू नये. आत शिरणारी हवा आग भडकवते. सामान, कागदपत्रे, पूजेची पेटी यांसाठी कोणीही मागे फिरू नये.

नुसती तापमानाची लाल खूण दिसली, धूर नाही, तर एसी बंद करून सुरक्षित जागी थांबावे आणि इंजिन बंद करून किमान अर्धा तास बॉनेटखालच्या कोणत्याही झाकणाला हात लावू नये. ‘दुकान जवळच आहे, एवढे नेऊ’ या मोहात इंजिनाचे हेड वाकते आणि शेदोनशे रुपयांच्या नळीचे काम हजारोंवर जाते.

मुके पाहुणे

पावसाळ्यात आणि थंडीत बॉनेटखालची ऊब केवळ यंत्राची राहत नाही. उंदीर, खारी, मांजरीची पिल्ले तेथे आसरा घेतात. धान्य, सुकामेवा, किराणा यांची दुकाने जवळ असली की उंदीर येणारच. आणि बॉनेटची मऊ गादी त्यांना घरट्यासाठी आयती मिळते. गादीचा कुरतडलेला कोपरा ही पहिली खूण. पुढची पाळी तारांची असते.

येथे विष आणि चिकट सापळे यांचा विचार जैन घरात संभवत नाही, आणि त्यांची गरजही नाही. गाडीत पोती, फराळ, बिस्किटांचा चुरा ठेवू नये. गाडी एकाच जागी आठवडाभर उभी ठेवू नये. उंदीर येतात त्या फटींना मेकॅनिककडून बारीक लोखंडी जाळी बसवून घ्यावी. मात्र रेडिएटरसमोर वारा अडेल अशी जाळी नको. थंडीत आणि पावसात गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोनदा हाताने थाप द्यावी आणि क्षणभर थांबावे. झोपलेले मांजर तेवढ्यात उठून निघून जाते. पंखा आणि पट्टा फिरू लागल्यावर त्याला ती संधी मिळत नाही.

कूलंटबद्दलही एक गोष्ट जाणून असावी. अनेक कूलंटमध्ये असलेले इथिलिन ग्लायकोल चवीला गोड असते आणि प्राण्यांना, तसेच लहान मुलांना, घातक विष असते. जमिनीवर हिरवे किंवा लाल थेंब सांडलेले दिसले, तर ते लगेच पाण्याने भरपूर धुवावेत. कुत्र्या-मांजरांनी ते चाटता कामा नये. गळती असेल तर ती दुरुस्त करेपर्यंत गाडी वापरू नये. टाकीत पाणी घालण्याची वेळ आलीच, तर ते बोअरवेलचे नसावे. पाणी गाळून वापरणे हा जीवदयेचा आचार आहे. परंतु गाळण्याने पाण्यातले क्षार जात नाहीत, आणि क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साठून त्या तुंबतात. कंपनीने सांगितलेले कूलंट आणि बॅटरीसाठी मिळते तसे शुद्ध पाणी, एवढेच योग्य.

आठवड्यातून एकदा

साधू-साध्वी दररोज आपली वस्त्रे, पात्रे आणि उपकरणे उलगडून बारकाईने पाहतात. त्यात एखादा सूक्ष्म जीव तर नाही, हे पाहण्याची ही क्रिया पडिलेहण म्हणून ओळखली जाते. त्यांच्याकडे वाहन नसते. ते पायी विहार करतात. वाहन वापरणाऱ्या गृहस्थाकडून तेवढ्या सूक्ष्मतेची अपेक्षा नाही. पण आठवड्यातून एकदा, सकाळी इंजिन थंड असताना, दिवसाच्या उजेडात बॉनेट उघडून पाच मिनिटे पाहणे त्याला सहज जमते. पाहण्याच्या गोष्टीही थोड्याच : कूलंटची पातळी टाकीवरच्या दोन रेघांच्या मध्ये आहे का, ऑइलची पट्टी योग्य खुणेपर्यंत ओली आहे का, गादीवर तेलाचा डाग, कुरतडल्याची खूण किंवा लोंबणारा कोपरा आहे का, मॅनिफोल्डवरची ढाल घट्ट आहे का, नळ्यांना भेगा, तारांना दातांच्या खुणा, बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी दिसते का, आणि कोपऱ्यात एखादा जीव निवांत बसला आहे का.

या पाहण्याला शिक्षण लागत नाही. घरातील मुलाला किंवा मुलीला दहाव्या वर्षीच सोबत घ्यावे. त्यांची नजर मोठ्यांपेक्षा तीक्ष्ण असते. पर्युषणात मोठ्या प्रवासाला निघणाऱ्यांनी, किंवा दिवाळीनंतर पालिताणा, शिखरजी, कुंथलगिरी, कुंभोजच्या वाटेला लागणाऱ्यांनी ही तपासणी आदल्या दिवशी करावी, निघण्याच्या घाईत नव्हे.

दापोडीच्या कार्यशाळेत एस.टी.च्या इंजिनावर झाकण बसवताना कारागीर त्याच्या आत अस्तर लावतात, ते इंजिनासाठी नसते. शेजारी बसणाऱ्या माणसासाठी असते. बॉनेटखालची गादी, मॅनिफोल्डची ढाल, कूलंटचे झाकण, ही सारी मर्यादांचीच रूपे आहेत. उष्णता यंत्राला हवी. तिची जागा सुटली की तीच घात करते. तिला तिच्या जागी ठेवण्याची बहुतेक कामे यंत्र स्वतःच करते. गृहस्थाकडे उरते ते फक्त पाहणे, आणि थाप देऊन क्षणभर थांबणे. जयणा म्हणतात ती याहून फार वेगळी नसते.